ओक्तावीचं एकतिसावं पान

सोलांज वोतलेच्या घरात काहीही तळलं जात नसे. बेल्जियमच्या कोळसापट्ट्यातल्या आमच्या मार्सिनेलमध्ये ज्या घरातून आठवड्यात एकदाही तळलेल्या बटाट्यांचा वास येत नाही, त्या घरात कुणीतरी आजारी आहे किंवा नुकतंच गेलं आहे, असं लोक धरून चालतात. सोलांज ठणठणीत होती. पंचावन्न वर्षांची, एकटी, ताठ कण्याची बाई. ती बटाटे उकडून खायची, वर लोणी घालून. चरबीची वाफ भिंतीवर बसते आणि भिंतीवरून कागदावर जाते, असं तिचं म्हणणं. रस्त्याकडच्या खिडकीचे पडदे दिवसभर ओढलेले, कारण उजेडानं शाई तपकिरी पडते. ज्या खोलीत बाकी लोक जेवणाचं टेबल आणि आजीच्या ताटल्यांचं कपाट ठेवतात, तिथं तिनं पोलाद कारखान्याच्या नकाशे ठेवायच्या कपाटाला जागा दिली होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी निरोपाच्या समारंभात चॉकलेटचे डबे घेतले. हिनं हे कपाट मागून घेतलं. उथळ, रुंद, बारा खणांचं. त्या खणांत ओक्तावी राहत होती.

ओक्तावी म्हणजे कोळशाच्या बोटीवर वाढलेली बारा वर्षांची मुलगी. दर गुरुवारी मुलांच्या साप्ताहिकात तिच्या चित्रकथेचं एक पान यायचं. आम्ही सगळी तिच्यावरच वाढलो. पुढे आमची लग्नं झाली, मुलं झाली, जुने अंक माळ्यावर गेले. सोलांजचं लग्न झालं नाही आणि ओक्तावी माळ्यावर गेली नाही. छापलेली पुस्तकं तर कुणाकडेही असतात. सोलांजला हवे होते ते कागद, ज्यांवर चित्रकार ओमेर लाफोसनं स्वतःच्या हातानं ओक्तावी काढली होती. जाड कागद, छापील पानाच्या दुप्पट मोठे, काळ्या शाईतले. जवळून पाहिलं तर चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग फासलेला दिसतो आणि शाईखाली निळी पेन्सिल, कारण निळी रेघ छापताना उतरत नाही. त्या काळी छापखान्यात या कागदांना काडीची किंमत नव्हती. आलेल्या पाहुण्याला एखादा द्यायचे, एखादा गळक्या नळाखाली घालायचे. सोलांजनं ते घरोघरून उकरून काढले. पत्रं लिहून, जुन्या कॉमिकच्या जत्रांमधून, एकाच्या बदल्यात दुसरा देऊन.

कारखान्याच्या टेलिफोन खोलीत मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसले. त्यामुळे यातलं बरंचसं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. तिनं जे सांगितलं नाही, ते तिच्या भावजयीनं सांगितलं.

सोलांजकडे एक वही होती. तिच्यात स्वतःची पानं कमी आणि दुसऱ्यांची जास्त लिहिलेली. कुणाकडे ओक्तावीचं कुठलं पान आहे, कुठल्या भिंतीवर आहे, त्या भिंतीला ओल आहे की नाही. समोर बारीक अक्षरात मालकाची तब्येत. ‘जिना चढताना दम लागतो.’ ‘साखर वाढली आहे. मुलाला कॉमिकची आवड नाही.’ मी एकदा म्हटलं, सोलांज, ही वही पोलिसांच्या हाती लागली तर तुला धरतील. ती हसली नाही. जत्रेत शिरल्या शिरल्या, पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून तिला कळायचं की याला आज काहीतरी मिळालंय. मग तो माणूस कितीही भला असो, परतीच्या वाटेत त्याच्या बुटांपासून बायकोपर्यंत कशाचंच तिला काही चांगलं दिसत नसे.

सगळ्यांत जास्त तिला हवी होती ती ‘पुराचं वर्ष’ ही गोष्ट. चव्वेचाळीस पानं. सदतीस तिच्याकडे होती, सहा कुणाकुणाकडे आहेत ते वहीत होतं. एकतिसावं मात्र कुठेच नव्हतं. त्या पानात बंधाऱ्याचा दरवाजा फुटतो, बाप किनाऱ्यावर अडकलेला, आणि ओक्तावी एकटी दोर धरून पाण्यात उभी. पूर्ण पानभर एक शब्द नाही. ते साप्ताहिकात आलं तेव्हा सोलांज नऊ वर्षांची होती. तिनं वाचायच्या आधीच तिचा धाकटा भाऊ ओगुस्त यानं ते पान फाडून त्याची होडी केली आणि गटारात सोडली. पुढे पुस्तक निघालं तेव्हा तिनं ते हजार वेळा पाहिलं असेल. पण मूळ कागद कुठे गेला, हे शहरातल्या एकाही संग्राहकाला माहीत नव्हतं.

आता भावजयीबद्दल. ओगुस्तनं लग्न केलं ते डच बोलणाऱ्या फ्लेमिश मुलीशी. गोदेलीव्ह तिचं नाव, सगळे लीव्ह म्हणतात. तिची फ्रेंच अजून तिरपी चालते आणि त्याची तिला काही लाज नाही. चर्चमागच्या गल्लीत तिचं लोकरीचं दुकान आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी सोलांजचं तिच्याविषयीचं मत एका वाक्यात होतं. “चांगली आहे, पण तिला ओक्तावी माहीत नाही.” हे खरंच होतं. लीव्हच्या गावात मुलं दुसरी साप्ताहिकं वाचत.

तरीही सोलांजला जत्रांना नेत असे ती लीव्हच. सोलांजला गाडी चालवता येत नव्हती. लीएज म्हणू नका, ब्रसेल्स म्हणू नका, नणंदेला दाराशी सोडून लीव्ह बाहेर गाडीत थर्मास घेऊन विणत बसायची. सोलांज परत आली की विचारायची, “मिळालं का गं काही?” सोलांज सांगायची. लीव्ह टाके मोजत मोजत ऐकायची.

ओमेर लाफोसची विधवा इर्मा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, लहानखुरी, ऐकायला जरा कमी. सोलांजनं तिला शोधून काढलं आणि त्या दिवसापासून ती जणू हिच्या मालकीची झाली. इतर संग्राहकांना तिनं पत्ता लागू दिला नाही. सहा वर्षं, एक रविवार सोडून एक, ती साखरेची टार्ट घेऊन जायची. सोबत प्रश्नांचा कागद. पुराचं वर्ष कुठल्या महिन्यात सुरू केलं? कुठल्या निबनं? कागद कुठून यायचा? म्हातारी टार्ट खायची आणि म्हणायची, आठवत नाही हो बाई. मग शेवटचा प्रश्न नेहमीचाच, एकतिसावं पान कुठे असेल? म्हातारी म्हणायची, “असेल कुठेतरी.”

एकदा इर्मानं कपाटाकडे बोट दाखवून सोलांजला एक जाड फोल्डर काढायला सांगितला होता. ती म्हणाली, न्या तुम्हाला हवं तर. आत निळे कागद होते. निळे कागद म्हणजे काय, ते सांगायला हवं. काळ्या शाईचं पान तयार झालं की छापखाना त्याचा फोटो घेऊन दुसऱ्या कागदावर फिक्या निळ्या रेघांत छापून पाठवायचा. त्या रेघांवर रंग भरायचे. हे रंगाचं काम बहुतेक घरांत चित्रकाराची बायको करायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी आवरल्यावर. पुस्तकावर तिचं नाव नसायचं. आणि संग्राहकांच्या लेखी ते कागद म्हणजे छापखान्याची रद्दी. जत्रेत कुणी निळा कागद पुढे केला तर त्याच्याकडे लोक, बूट सोडून खोकं विकत घेणाऱ्याकडे पाहावं तसे पाहतात. सोलांजनं फोल्डर चाळला, छान आहेत म्हणाली आणि परत कपाटात ठेवला. मला तिनं हे दुसऱ्या दिवशी कौतुकानं सांगितलं. “म्हातारीला वाटतं, मला काहीही चालेल.”

त्या वर्षी ऑक्टोबरात सोलांजची कंबर धरली. पलंगावरून उठता येईना. रविवार चुकू नये म्हणून तिनं टार्ट घेऊन लीव्हला पाठवलं, आणि सांगून ठेवलं की काही विचारू नकोस, तुझ्याकडून चुकीचं लिहिलं जाईल, फक्त बसून ये. लीव्ह संध्याकाळी रिकामी ताटली द्यायला आली.

“काय म्हणाली?”

“विशेष काही नाही. रंगांबद्दल बोलत बसलो.”

सोलांजचा जीव भांड्यात पडला. रंगांबद्दल बोलून कुणाचं काही जात नाही.

तिथं काय झालं ते मला लीव्हनं नंतर सांगितलं. भिंतीवर छापील पुस्तकाचं एक पान लावलेलं होतं. लीव्ह जन्मभर लोकरीच्या लडी जुळवत आलेली बाई. ती पाहत राहिली आणि म्हणाली, मादाम लाफोस, हा पाण्याचा हिरवा निळ्या-पिवळ्याचा नाही. यात काळा आहे. म्हातारीनं लीव्हला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. त्या दिवशी तिला महिने, निब, कागद, सगळं आठवलं. ओमेर ब्रश ज्या बरणीत धुवायचा, ते शाईचं काळं पाणी ती ओतून द्यायची नाही. त्यात पिवळा मिसळायची. कालव्याचं पाणी तसंच दिसतं, म्हणाली, कोळशानं मळलेलं. चाळीस वर्षांत एकानंही विचारलं नाही.

दुकान बुधवारी दुपारी बंद असतं. लीव्ह बुधवारी जाऊ लागली. हे तिनं नणंदेपासून लपवलं का? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिनं कधी विचारलं नाही. ओगुस्तला माहीत होतं. ओगुस्त बायको आणि बहीण यांच्यामध्ये काहीही बोलत नाही, म्हणूनच त्याचा संसार टिकला.

मार्चमध्ये ओगुस्तच्या वाढदिवसाचं जेवण होतं. मलाही बोलावलं होतं. लीव्हचं स्वयंपाकघर दक्षिणेला, मोठी खिडकी, पडदा नाही. कढईत चरबी तापत होती. सोलांज कोट काढून आत आली, भावाला केक दिला, मान वर केली, आणि तशीच उभी राहिली. कढईच्या वर, हातभर अंतरावर, साध्या काचेच्या चौकटीत एकतिसावं पान लटकत होतं. काळ्या शाईचं. दोर धरलेली ओक्तावी. काचेवर वाफेचे थेंब.

मला वाटलं तिला चक्कर आली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिनं विचारलं, “हे कुठून आलं?”

लीव्ह बटाट्यांची जाळी हलवत होती. “इर्मानं दिलं. तिच्या कपाटात होतं, तळाशी. याच्या जोडीचा रंगीत कागदही दिला, तो झोपायच्या खोलीत आहे.”

“इर्मानं.” सोलांजला त्या नावाचाच धक्का बसलेला दिसला. सहा वर्षांत तिनं मादाम लाफोसला नावानं हाक मारली नव्हती. “आणि तू ते चरबीवर लटकवलंस.”

“मी दिवसभर इथंच असते. दिवाणखान्यात ओगुस्तचा टीव्ही आहे.”

ओगुस्त म्हणाला की मी तर बागेकडच्या भिंतीवर लावायला सुचवलं होतं. त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही.

“या घराण्यानं ते पान माझ्याकडून दोनदा घेतलं,” सोलांज म्हणाली. “एकदा त्यानं. आता तू.”

“अगं, मी घेतलं नाही. मला दिलं.”

“मी सहा वर्षं जातेय तिच्याकडे.”

लीव्हनं बटाटे ताटात उपसले, मीठ टाकलं, मग नणंदेकडे तोंड केलं. तिला ते बोलायचं नसावं, पण तिच्या तिरप्या भाषेत गोल बोलणं बसतच नाही. “ती म्हणते, तू यायचीस तिच्याकडे आणि बघायचीस कपाटाकडे.”

त्या दिवशी सोलांजनं केकला हात लावला नाही. जेवणभर तिची नजर काचेवर होती. वाफेचा थेंब खाली ओघळला की ती डोळे मिटायची.

पुढचे दोन महिने ती दुसरं काही बोलली असेल तर मला आठवत नाही. लीव्हला रोज फोन. आधी काळजी. चरबी, ऊन, ओल. लीव्हनं पान कढईवरून काढून खिडकीजवळ लावलं, आणि सोलांजला वाटलं ही मुद्दाम करते. मग सौदा. सोलांजनं स्वतःची तीन पानं देऊ केली, मग पाच, मग सात, आणि ती कुठली तेही सांगितलं. तिच्या खणांत काय आहे ते माहीत असलेल्या माणसाला कळेल की ती हात तोडून द्यायला तयार होती. लीव्ह म्हणाली, “भेट आलेली वस्तू देऊन टाकली तर इर्माला काय सांगू?” मग राग. लीव्हच्या दुकानातली लोकर कशी आटते हे सोलांजनं आमच्या गल्लीतल्या तीन बायकांना सांगितलं. त्यातल्या एकीनं ते लीव्हला सांगितलं. लीव्हनं त्या बाईला दोन लडी फुकट दिल्या.

मला एकदा सोलांज फोनवर म्हणाली, “तुला माहितीये, तिला त्या पानात फक्त पाणी दिसतं. ओक्तावी दिसतच नाही.” मी म्हटलं, दिसत असेल की. ती म्हणाली, “नाही. दिसत असती तर ती सुखानं बटाटे तळू शकली नसती.” तिच्या आवाजात इतकं दुःख होतं की मी तोंडावर आलेलं हसू गिळलं.

मे महिन्यात गावच्या सांस्कृतिक भवनानं ओमेर लाफोसच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. बहुतेक पानं सोलांजचीच जाणार होती, त्यामुळे मांडणीही तिच्याकडे. एकतिसावं हवंच होतं. लीव्हनं लगेच दिलं, दुकानात लोकर बांधायच्या कागदात गुंडाळून, स्वतः आणून. पंधरा दिवस ते सोलांजच्या घरी राहणार होतं.

चौकटीतून काढल्यावर सोलांजला पानाच्या तळाचा पांढरा पट्टा प्रथमच दिसला. चौकटीच्या लाकडाखाली तो झाकलेला होता. तिथं पेन्सिलीनं, थरथरत्या हातानं लिहिलं होतं.

‘लीव्हला. तिनं हिरव्याबद्दल विचारलं. इर्मा लाफोस.’

आता इथं आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. चित्रकार जत्रेत बसतात, लोक रांगा लावतात, चित्रकार चित्र काढून खाली लिहून देतो, अमक्याला, तमक्याला. पुढे तो अमका ते विकायला काढतो, तेव्हा आधी स्वतःचं नाव खोडरबरानं उडवतो. दुसऱ्याचं नाव असलेलं चित्र कुणाला आवडत नाही. सोलांजला या प्रकाराचा संताप होता. जत्रेत असा कागद दिसला की ती उजेडाकडे तिरका धरून घासलेली जागा विक्रेत्याला दाखवायची आणि त्याला चारचौघांत चोर म्हणायची. पण तिच्या हिशेबात त्या चोरीला एक अट होती. नाव चित्रकाराच्या हातचं असलं पाहिजे. इथं अक्षर ओमेरचं नव्हतं. पान त्याचं, रेघ त्याची, आणि त्यावर पन्नास वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी पेन्सिल चालवली होती. कागदावर चहा सांडला तर तो आपण टिपतोच ना.

हे सगळं तिनं मला पुढे सांगितलं, याच क्रमानं, आणि मला वाटतं त्या दुपारी स्वतःलाही याच क्रमानं सांगितलं असावं. चार दिवस तिनं काही केलं नाही. पानावर पातळ कागद घालून ठेवला. पण पातळ कागदातून ‘लीव्हला’ वाचता यायचं. पाचव्या दिवशी दुपारी तिनं पावाचा मऊ गर मळला, जुने लोक शाईला धक्का न लावता पेन्सिल काढायला वापरत तसा, आणि डावीकडून सुरुवात केली. आधी भावजयीचं नाव. तिथं थांबता आलं असतं. पण अर्धं वाक्य विचित्र दिसायला लागलं, म्हणून पुढचंही. शेवटी सही. दहा मिनिटंही लागली नाहीत. पट्टा पांढराशुभ्र झाला. ती म्हणाली, पंचेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा इतकं शांत वाटलं.

लीव्हचं पान लीव्हकडे परत जाणार, हे तिला माहीत होतं. लीव्हच्या लक्षातही येणार नाही, चौकटीत तो पट्टा झाकलेलाच असतो, असंही तिनं धरलं होतं. पण प्रदर्शनासाठी तिनं स्वतःच सगळी पानं रुंद पांढऱ्या पुठ्ठ्यात, पूर्ण कडा दिसतील अशी बसवून घेतली होती. खरा संग्राहक पान कधी झाकत नाही. हा तिचाच नियम.

शनिवारी दुपारी तीनला दार उघडलं. शंभरेक माणसं, वाईन, चीजचे तुकडे, ते बुडवायला सेलरीचं मीठ. सोलांज निळ्या सूटमध्ये दाराशी. वहीतले सगळे मालक आले होते, दम लागणारे, साखर वाढलेले, आणि सगळे एकतिसाव्या पानापुढे गर्दी करून तिचं अभिनंदन करत होते. तिनं ते माझं नाही म्हणून सांगितलं नाही. खाली लहान पट्टीवर ‘खासगी संग्रह’ एवढंच होतं. मी तिच्याकडे पाहत होते. ती सुंदर दिसत होती, हे सांगायलाच हवं.

साडेतीनला लीव्ह चाकाच्या खुर्चीतून इर्माला घेऊन आली. ही गोष्ट सोलांजच्या हिशेबात नव्हती. म्हातारी आश्रमाबाहेर पडत नाही, असा तिचा सहा वर्षांचा अनुभव होता. लीव्हनं लोकांना बाजूला करत खुर्ची थेट एकतिसाव्यापाशी नेली. इर्मानं पिशवीतून चष्मा काढला, लावला, चित्राकडे पाहिलंच नाही, खालच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग लीव्हकडे.

“माझं नाव कुठे गेलं?”

लीव्ह वाकली. बोट न लावता पट्ट्यावरून नजर फिरवली. तिला कागद तिरका धरून पाहायची गरज पडली नाही. ती नणंदेकडे वळली.

सोलांज म्हणाली, पेन्सिल होती ती. ने-आण करताना पुसली गेली असेल.

इर्माला कमी ऐकू येतं, पण हे तिला ऐकू आलं. “कुणी पुसल्याशिवाय पेन्सिल पुसली जात नाही. चाळीस वर्षं मी खोडरबर घेऊनच बसलेय, बाई. त्याच्या शाईखालची निळी सोडून सगळी पेन्सिल मीच पुसायचे.” ती ओरडली नाही. दुकानदाराला उरलेली मोड बरोबर नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं. “बेचाळीस पुस्तकं निघाली. एकावरही मी नव्हते. मला वाटलं होतं, एका तरी ठिकाणी.”

आजूबाजूचे संग्राहक चीज खात खात थांबले. एकानं चटकन मान तिरकी करून पट्टा उजेडात पाहिला, सोलांज पाहायची तसा. मग त्यानं दुसऱ्याला कोपर मारलं.

लीव्हनं केसांत खोचलेली पेन्सिल काढली, दुकानात हिशेबाला असते ती. “पुन्हा लिहा.”

“नको,” इर्मा म्हणाली. तिनं मग पहिल्यांदा वर पाहिलं, दोर धरलेल्या मुलीकडे, आणि बराच वेळ पाहत राहिली. “मीच चुकीच्या कागदावर लिहिलं. हे त्याचं आहे. माझं ते दुसरं. घरी गेल्यावर त्यावर लिहीन. पेन दे मला, पेन्सिल नको.”

प्रदर्शन पाच आठवडे चाललं. सोलांज उद्घाटनानंतर गेली नाही. गल्लीत कुणी विचारलं तर कंबर म्हणायची. जत्रेतले ओळखीचे तिला फोन करेनासे झाले. फक्त मी होते, आणि मलाही ती पावाच्या गराबद्दलच सांगत राहायची, की त्यानं शाईला जराही इजा झाली नाही.

जूनच्या शेवटी लीव्ह तिच्या दारात आली. पुन्हा लोकरीचा कागद. मी आत कॉफी पीत बसले होते. तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली.

“हे ठेव तू.”

सोलांजला वाटलं, काही दिवस सांभाळायला दिलंय. तिनं विचारलं, किती दिवस?

“कायमचं. मी इर्माला विचारलं. तिची हरकत नाही. तुला एकतिसावं पान हवं होतं ना? आता त्यावर दुसरं काही नाही.”

“बदल्यात काय हवं?” सोलांजनं विचारलं. हात आधीच कागदावर होता.

“बदल्यात काही नको.” लीव्ह दारापर्यंत गेली आणि थांबली. “रविवारी जेवायला ये. ओगुस्त विचारत होता.”

ती गेल्यावर सोलांजनं हात धुतले, पुसले, पांढरे हातमोजे घातले आणि पान तिसऱ्या खणात तिसाव्या आणि बत्तिसाव्याच्या मधे ठेवलं. मी वाट पाहत होते की ती काहीतरी बोलेल. तिनं खण सावकाश लोटला, मग पुन्हा उघडला, पान तिथंच आहे ना पाहिलं, आणि मला विचारलं, “ते दुसरं कुठे लावलंय तिनं?”

रविवारी आम्ही दोघी गेलो. निळा कागद कढईच्या वर होता, आधी काळ्या शाईचं पान होतं त्याच खिळ्यावर. आता रेघा फिक्या निळ्या, जेमतेम दिसणाऱ्या, आणि सगळा कागद त्या पाण्यानं भरलेला. मळकट, कोळशाचा हिरवा. खिडकीतून ऊन थेट त्यावर पडत होतं. तळाशी, पाण्याच्या मधोमध, काळ्या पेननं मोठ्या अक्षरात दोन्ही नावं, इर्माचं आणि लीव्हचं.

सोलांज त्याच्याकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसली. ओगुस्तनं तिला बटाटे वाढले आणि तिनं ते खाल्ले, इतक्या वर्षांनी, एकेक, काट्यानं. गप्पा चांगल्या चालल्या होत्या. मधेच तिनं मीठ हवं म्हणून मान मागे वळवली. मीठ कढईशेजारच्या फळीवर होतं. थोड्या वेळानं पुन्हा मीठ. तिसऱ्यांदा ती वळली तेव्हा ओगुस्तनं उठून मिठाची बरणी आणली आणि तिच्या ताटाला लावून ठेवली. तिनं आभार मानले. मग ती पुन्हा वळली.